डाव्या हाताचं खुरपं

मंडळी, तळहाताला फोड आलेत, एका बोटानं लिहितेय. पण आज नाशकात लोहारकामाच्या शिबिरात मी स्वतःचं खुरपं घडवलं, ते सांगितल्याशिवाय राहवेना!

मी डावखुरी. सत्तरच्या दशकात लग्न होऊन चांदवडला आले, तेव्हा कांद्याच्या खुरपणीत कायम मागं राहायची. खुरप्याचं पातं उजव्या हातासाठी वळवलेलं असतं. माझ्या हातात ते गवत सोडून कांद्यालाच लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "हात बदल गं बाई, न्हायतर घरी भाकरी थाप." बाजारातल्या लोहाराला डाव्या हाताचं खुरपं मागितलं, तर तो हसतच सुटला.

म्हणून आज हट्टानं गेले. लालभडक पातं ऐरणीवर ठेवलं, ठोकलं, झोकात वळवलं.

शिकवणारे रहीमभाई म्हणाले, "आजी, हे तर उजव्या हाताचं झालं की!"

जन्मभर तसंच पाहिलेलं, हात आपसूक तिकडंच वळला!

आमचे हे बाकावरून म्हणाले, "असू दे गं, मी वापरीन."

"तुम्ही कधी खुरपलंय?" असं म्हणत मी पातं परत भट्टीत घातलं आणि उलट्या बाजूनं वळवलं.

मूठ बसवून घरी आणलं, तशीच परसातल्या मेथीत बसले. गवत मुळासकट निघालं, मेथीला धक्का नाही. मग ह्यांनी हौसेनं उजव्या हातात धरलं आणि पहिल्याच फटक्यात मेथी कापली! मी काय हसले म्हणून सांगू!

तुमच्या घरात कुणी डावखुरं आहे का? त्यांच्या हाताला काय काय बसत नाही, कधी विचारलंय?