मनगटांवरचा नारळ

भाषण संपलं की शाल आणि नारळ देतात. संधिवातामुळे माझी बोटं मिटत नाहीत, म्हणून तो नारळ मी दोन्ही मनगटांवर घेते. लोकांना तो नम्रपणा वाटतो. टाळ्या वाढतात.

काल एका महिला मंडळात बोलत होते. पहिल्या रांगेतल्या एका तरुण बाईने पाण्याची बाटली दोन तळव्यांत दाबून तोंडाला लावली. बोटं सरळच राहिली. मी ओळखलं. तेव्हा माझं ‘आजाराशी मैत्री करा’ हे वाक्य चालू होतं. कसली डोंबलाची मैत्री! सकाळीच ब्लाउजची हुकं सुनेने लावून दिली होती. इतक्या वर्षांत भाषण तेवढं सुधारलं. हात वाकडे होत गेले, आणि मी ते वाकडेपण सुंदर शब्दांत सांगत गावोगाव हिंडले.

नंतर ती जवळ आली.

“ताई, तुमचं आता कमी झालं असेल ना?”

“नाही गं. बोलायची सवय झाली, एवढंच.”

मग ती म्हणाली, “द्या, नारळ गाडीपर्यंत मी आणते.”

तिने हात पुढे केले. नारळ तिनेही मनगटांवरच घेतला.