टेबलावर ठेवण्यासारखं काही

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडे त्यांची सून होती. "ताई, आमचे बाबा गेले सकाळी. एक कप चहा झाला, अजून अर्धा दे म्हणाले. मी घेऊन आले तोवर..." ब्याऐंशीव्या वर्षी, उन्हात बसून, आणखी अर्धा कप चहा मागता मागता गेले. महिनाभराने हे लिहिताना वाटतं, मामांना असंच जाणं शोभलं. हवंहवंसं वाटत असताना.

मामा माझे नात्यातले कोणी नव्हते. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचं बूट शिवण्याचं लहानसं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. मला लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय आखूड राहिला. नवव्या वर्षी वडील मला त्यांच्याकडे घेऊन गेले, तेव्हापासून माझा प्रत्येक बूट त्यांच्या हातचा. वर्षातून एकदा ते नाशिक रोडला आमच्या घरी यायचे, मागच्या ओट्यावर बसायचे, कागद पसरून माझ्या पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे. "वजन चोरू नका ताई, पुरं टाका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नऊ वर्षांच्या मुलीलाही ते ताईच म्हणत. आई त्यांना चहा ओट्यावरच द्यायची, वेगळ्या कपात. मामांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पुस्तकात डोकं घालून बसणारी मी, मीही काढला नाही.

पुढे मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. साडी पायघोळ, समोर काउंटर. कधी कोणाची नजर बुटांवर गेलीच, तर ती सभ्यपणे लगेच वर यायची. लोक चांगले होते, म्हणूनच बघत नसत. त्यामुळे इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही, की हे बूट केले कोणी?

थोरला भाऊ, दादा, निवृत्त झाल्यावर सुतारकामाला लागला. आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे त्याला अडवणारं कोणी नव्हतं. जुन्या सागवानी दाराच्या फळ्यांतून त्याने वर्षभर खपून जेवणाचं टेबल केलं. दोन वर्षांपूर्वी मामा माझं माप घ्यायला आले, तेव्हा ते नुकतंच मांडलं होतं. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, ओटा नाही. तरी मामा दाराजवळ फरशीवरच बसायचे. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "खालूनच नीट दिसतं." त्या दिवशी त्यांना खालून नको ते दिसलं.

"साहेब, टेबलाचा एक पाय आखूड हाय तुमच्या."

"पाय बरोबर आहे. फरशी वाकडी आहे," दादा म्हणाला.

"मग ताईंचा पण पायच बरोबर आणि नाशिकची जमीन वाकडी म्हणायची! दोन सुताचा फरक हाय. टाच लावून देऊ का?"

"टेबलाला बूट नकोत मला!"

तेवढ्यात वर ठेवलेलं पेन गडगडत आलं आणि मामांच्या पुढ्यात पडलं. मी इतकी हसले की माप परत घ्यावं लागलं. मामा मात्र ते पेन हातात धरून बसले होते. मग म्हणाले, "टाच नको तर ऱ्हायलं. वरचं काहीतरी करू द्या. चामड्याचा ट्रे करू, उंच काठाचा. जन्मभर लोकांच्या पायातलं केलं साहेब, दाराबाहेर ऱ्हाणारं. एक तरी टेबलावर ठेवण्यासारखं करावं, कोणी तरी इचारावं, कोणी केला म्हणून... हात ऐकतायत तोवर."

हात तसे ऐकत नव्हतेच. दुकान बंद करून त्यांना चार वर्षं झाली होती, माझा जोड तेवढा घरी बसून करायचे, बोटं थरथरायची. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सागवानातून, चामड्याला आकार द्यायला, ट्रेच्या मापाचा एक ठोकळा काढून दादा घासायला बसला. चार दिवस घासत होता.

मामा बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं घेऊन आले. बादलीत ते बुडवलं तशी बुडबुड्यांची रांग वर आली. "बोलून घेऊ द्या त्याला. गप झालं की काढायचं." मग मऊ झालेलं चामडं उपड्या ठोकळ्यावर पसरलं आणि माझे हात धरून त्यावर ठेवले. "दाबा. कणीक न्हाई ती, तिंबू नका. लेकराचा गाल असतो ना, तसं." कोपऱ्यातली चुणी जिरवायला मला अर्धा तास लागला. पुस्तकांच्या पाठी सांधणारे माझे हात, त्यांना असं काही येतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी मामांनी चामड्याच्या कडा ठोकळ्याखाली ओढून दुमडल्या आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या. चुका मारताना त्यांची बोटं अजिबात थरथरली नाहीत.

दोन दिवस सावलीत वाळल्यावर चुका काढल्या, ठोकळा ओढला. निघेना. दादाने ओढला, मी ओढला. मामा एकदम कपाळावर हात मारून खाली बसले. सवयीने त्यांनी बूट केला होता! बुटाचं चामडं फर्म्याच्या, म्हणजे पावलाच्या आकाराच्या लाकडी साच्याच्या, खाली दुमडतात, पण बुटाचा फर्मा तुकड्यांचा असतो, एकेक करून निघतो. दादाचा ठोकळा अखंड होता आणि त्याच्यावर अंगठाभर काठ आत वळून घट्ट बसला होता. मामांनी काठ कापायला रापी काढली. आता मात्र त्यांचा हात भलताच थरथरत होता.

"चामड्याला हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "मी ठोकळा फोडतो."

"अवो, चार दिवस घासलाय तुम्ही तो!"

"रिकामाच असतो मी."

मग मामा ट्रे पोटाशी धरून बसले आणि दादा पटाशीने आतलं लाकूड टवके टवके काढू लागला. "हळू साहेब! माझं पोट हाय मागं!" "तुमचं पोट हलवू नका, म्हणजे झालं!" दोन म्हातारे, घरभर सागवानाचे टवके आणि मी हसून हसून भिंतीला टेकलेली. दुपारी शेवटचा टवका निघाला. काठ तसाच आत वळलेला राहिला, ओंजळीसारखा.

ट्रे टेबलावर ठेवला. दादाने पिठलं-भाकरी वाढली, तीन ताटं. मामांनी एकदा फरशीकडे बघितलं. दादाने खुर्ची ओढली आणि ते बसले. जेवताना डावा हात ट्रेवरून फिरत होता. म्हणाले, "वरून पण बरा दिसतो."

त्यानंतर त्यांचे फोन सुरू झाले. "कोणी इचारलं का?" लोक यायचे, चष्मे, किल्ल्या त्यात टाकायचे, विचारत मात्र नसत. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंनी ट्रे उचलला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगोबाई, कोणी केला हो?" मी लगेच फोन लावला. "काय म्हणाल्या? पहिल्यापासून सांगा... मग तुम्ही माझं नाव सांगितलं? पुरं सांगितलं?" पुरं सांगितलं, म्हटलं. पलीकडे ते सुनेला ओरडून सांगत असलेलं मला ऐकू आलं. पुढे दर फोनला ती हकीकत ते मागून घ्यायचे, आणि मीही पहिल्यापासून सांगायचे.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नव्याने आलेली मुलगी गच्चीची चावी मागायला आली. तिने ट्रेकडे बघून तेच विचारलं. मी मामांचं पूर्ण नाव सांगितलं, कॅम्पातलं दुकान सांगितलं. "आता ते नाहीत," म्हटलं. तिचा चेहरा पडला. मग माझ्याही नकळत मी म्हणाले, "त्यांचं अजून काम बघायचंय?" आणि साडीचा काठ थोडा वर उचलून डावा पाय पुढे केला.

तिची नजर वर आली नाही. ती फरशीवर बसली, अगदी जवळून बघत राहिली, आणि म्हणाली, "टाचेची शिवण कुठेच दिसत नाही... कशी घातलीय हो?"

मी तिच्या शेजारी खाली बसले आणि बुटाची नाडी सोडली.