आत्याचा ड्रॉप

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी सराव पेपर सोडवत होते. बाबा दारात येऊन म्हणाले, "आक्का गेली." मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पोलादपूरच्या वरच्या वाडीत शेळ्या राखून राहणारी. सकाळी शेळ्या सोडता सोडता खाली बसली आणि उठलीच नाही… हे डोक्यात शिरलं तेव्हा पेन हातातच होतं.

गेल्या वर्षी बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत माझा नंबर थोडक्यात हुकला. अशा वेळी पोरं 'ड्रॉप' घेतात, म्हणजे वर्षभर कॉलेज नाही, पुन्हा तीच परीक्षा. ते वर्ष कुठे काढायचं यावरून आमच्याकडे ठिणगी पडली. बाबांनी लांबच्या शहरातला क्लास आणि हॉस्टेल ठरवून टाकलं होतं. त्याच हॉस्टेलात मी सुट्टीत राहून आले होते. शेजारच्या कॉटवरची मुलगी झोपेत रडायची, आणि परतेपर्यंत मलाही जेवण जाईनासं झालं होतं. मला बिरवाडीत घरीच अभ्यास करायचा होता. "घरी बसून कोण डॉक्टर झालंय?" एवढं बोलून बाबांनी अबोला धरला. त्यांचा अबोला काय चीज आहे हे सोसलेल्यालाच ठाऊक. आईच्या तोंडून निरोप यायचे, तेही जेवताना.

आई फोनवर आत्याला म्हणाली, "ती ड्रॉप घेतेय." दुसऱ्या दिवशी आत्या एसटीने महाडला उतरून, रिक्षा करून दारात हजर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला ड्रॉप म्हणजे एकच ठाऊक. पिशवीतून तिने डोळ्यांत घालायच्या औषधाची नवी बाटली काढली. "डोळं दाखव गो. आनि ती पुस्तकं ठेव बाजूला." कुणी हसलं नाही, इतकं घर तापलेलं होतं. आईने समजावून सांगितलं. हेलपाटा फुकट गेल्याचा राग आत्याच्या तोंडावर दिसत होता, पण ती परत गेली नाही.

निघायच्या दिवशी बाहेर गाडी उभी राहिली, माझी ट्रंक दाराशी आली, आणि आत्या त्या ट्रंकेवर बसली. चांगली ऐसपैस.

"आक्का, ऊठ. उशीर होतोय."

"पोरीला इचारलंस काय?"

"तिला काय कळतंय?"

"मंग ती डॉक्टर कशी व्हायची रे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मला नाही जायचं," एवढंच बोलता आलं.

"आणि नंबर नाही लागला तर?" हे त्यांनी आत्यालाच विचारलं.

"नाय लागला तर मला बोल. तिला नाय बोलायचं."

गाडी रिकामी परत गेली. त्यानंतर वाडीवर परतलेली आत्या रोज सकाळी, रेंज मिळते त्या कातळावर चढून फोन करायची. अभ्यासाचं नाव नाही. "ड्रॉप घेतलास का गो?" मी "घेतला" म्हटलं की फोन ठेवायची. कधी कधी वैतागही यायचा मला, खोटं कशाला सांगू.

आता परीक्षा तोंडावर आली आहे. नंबर नाही लागला तर बाबा कुणाला बोलणार, हा विचार पुस्तक उघडायच्या आधी येतो. मग आत्याचा रागच येतो… बोलणी खायचं कबूल केलं आणि आधीच निघून गेली. बाटली टेबलावर आहे, सील न फोडलेली.

दिवसकार्य आटोपल्यावर घर पुन्हा गप्प झालं होतं. काल सकाळी बाबा फर्स्ट शिफ्टला निघाले, चपला घातल्या आणि दारातच थांबले. मला त्यांनी आजवर कधी 'गो' म्हटलेलं नाही. पाठमोरेच म्हणाले, "ड्रॉप घेतलास का गो?"

मी "घेतला" म्हटलं, तरी ते जरा वेळ तिथेच उभे राहिले.