बाजारच्या दिवसाचं अर्धं तिकीट

तुमच्या तिकडच्या फुटबॉल क्लबने तिकिटं स्वस्त केली, तर लोक कायमचे त्याचे होतील का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मला, तुमच्या आजीला, आजोबांचा फुटबॉल क्लब आठवला.

सामन्यांना कुणी येईना, तेव्हा आजोबांनी ते हिंगोलीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवले आणि तिकीट अर्धं केलं. मांडव गच्च भरला. आजोबा हरखून गेले. पण साखऱ्याला जाणाऱ्या काळी-पिवळी जीपचा हॉर्न वाजला, की माणसं भाजीच्या पिशव्या उचलून भर सामन्यातून निघून जायची. जीप भरेपर्यंत त्यांना सावलीत बसायला जागा हवी होती, एवढंच.

आमच्या गोलकीपरची आई मात्र शिरड शहापूरहून यायची आणि पूर्ण तिकीट मागायची. "अर्धं काहून? माझं लेकरू काय अर्धंच खेळून राहिलं?" असं ती आजोबांनाच सुनवायची.

पुढे दर पुन्हा पूर्ण केला, तर मांडवात ती आणि चार-दोन माणसं उरली. क्लब बंद पडला. त्यानंतर आजोबा मैदानाच्या रस्त्याने कधी गेले नाहीत.

आजोबांचं तेरावं आटोपून तुम्ही परत गेलात, त्यानंतर ती गोलकीपरची आई मला भेटायला आली. तिचा मुलगा केव्हाच पुण्याला कामाला गेलाय. ती हळूच म्हणाली, "बाई, आता सामने न्हाईच व्हायचे का?"

हे ऐकायला तुमचे आजोबा हवे होते.