लाकडात शिरलं की बंद

"वहिनी, सोडा त्याचा नाद! मशीन हाय ते, रुसलेली सून नाय, दहादा दोरी ओढून मनवायला!"

धाकटे दीर ओरडत होते. आडव्या पडलेल्या बाभळीच्या पलीकडे ते, त्यांच्यामागे त्यांचा ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरमागे द्राक्षांवर फवारणी करायचा ब्लोअर. अलीकडे मी, साठी उलटलेली बाई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंगात मालकांचा जाड शर्ट, डोळ्यांवर मालकांचा चष्मा आणि हातात मालकांचंच झाडं कापायचं पेट्रोलवरचं कटर. मालक म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मी अकराव्यांदा दोरी ओढली. कटर असं गरजलं की निफाडच्या रेल्वे फाटकावरच्या माणसाने गाडी आली समजून फाटक पाडलं असणार. चेन बाभळीवर टेकवली. दोन बोटं खोल गेली, भुसा उडाला, आणि मग आवाज घशात घास अडकल्यासारखा खाली खाली जात बंद पडला.

"झालं?" दीर म्हणाले.

"दम खातंय."

"बुधवारपासून दमच खातंय ते. मला उद्या फवारायचंय. छाटणी होऊन बसलीय माझी."

बाभूळ बुधवारी परतीच्या पावसात पडली, ती नेमकी दोघांच्या सामाईक गाडीवाटेवर. ती एवढी जाड की तिला मिठी मारायची तर चार माणसं आणि वर एक जावई लागेल. कुऱ्हाड चालवायला माणूस मिळेना. पेठकडून आलेल्या मजुरांच्या सगळ्या टोळ्या द्राक्षांच्या छाटणीत अडकलेल्या. दिरांची कंबर गेल्या वर्षीपासून पट्ट्यावर उभी आहे, आणि कटरला ते लांबूनच नमस्कार करतात.

त्याच दिवशी मुलाचा फोन आला. तो नाशकात द्वारका चौकाजवळ राहतो, चौथ्या मजल्यावर. फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत, एकीतून ट्रकचे हॉर्न ऐकू येतात आणि दुसरीतून बसचे.

"रविवारी येतो मी," तो म्हणाला. "जेसीबीवाला ओळखीचा आहे. झाड बाजूला करतो. आणि आई, तुझं सामान बांधून ठेव. एक झाड पडलं तर तू मळ्यात अडकून पडतेस. उद्या काही झालं तर?"

"आणि झाड मीच कापलं तर?"

तो हसला. "तू कापलंस तर राहा तिथेच. पुन्हा विषय काढणार नाही."

मी त्याला तीनदा वदवून घेतलं. म्हणजे आता गोष्ट त्याच्या-माझ्यात उरली नव्हती, माझ्यात आणि बाभळीत होती. सामान मी अर्थातच बांधलं नाही. पण तो येणार म्हणून खुराड्यातला एक कोंबडा मात्र नजरेत धरून ठेवला. मुलगा चार महिन्यांनी घरी येणार होता. कशासाठी का होईना.

कटरचं दुखणं असं की ते रिकामं चालवलं तर ठणठणीत. रोज दिवेलागणीला मी ते पडवीत मिनिटभर चालवते. बिबट्यासाठी. आमच्या उसात बिबट्या आहे, निफाडकडे कुणाच्या उसात नाही? माझ्या कटरचा आवाज ऐकून त्याने बायकापोरांसह बिऱ्हाड हलवलं, जाताना विहिरीवर पाणीसुद्धा प्याला नाही, असं मी येईल त्याला सांगते. खरं म्हणजे बिबट्या कित्येक महिन्यांत कुणाला दिसलेला नाही. पण तिन्हीसांजेला घरात एकदा मोठा आवाज झाला की पुढचे तीन तास जरा आखूड होतात. मालक होते तेव्हा त्या वेळी ते रेडिओवर, कुत्र्यावर आणि माझ्यावर एकाच पट्टीत ओरडायचे. तेव्हा मला शांतता हवी असायची. एवढी मागितली नव्हती.

तर गुरुवारी मी प्लग काढून घासला. एअर फिल्टर धुतला, त्यातून इतका भुसा निघाला की दाबून बसवला असता तर पंगतीला पाट झाला असता. चेनचे दात कानशीने एकेक करून असे धारदार केले की नुसत्या नजरेनं बोट कापावं. शुक्रवारी जुनं पेट्रोल ओतून दिलं आणि ऑइल मोजून नवं मिश्रण भरलं. कटर रिकामं सुरू केलं की खणखणीत, लाकडात शिरलं की मान टाकायचं.

एक गोष्ट मात्र मी तीन दिवस ऐकत होते आणि मला ती ऐकू येत नव्हती. पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं की "सुस्स" असा आवाज यायचा, आणि त्यानंतर कटर थोडा वेळ झकास चालायचं. मी म्हणायची, बिचाऱ्याला तहान लागली असेल. टाकी तर काठोकाठ भरलेली.

बाराव्यांदा दोरी ओढून झाल्यावर मी बाभळीवरच बसले आणि मालकांनी ज्यांच्याकडून कटर घेतलं होतं त्या द्वारकेच्या मिस्त्रींना फोन लावला.

"काकू, चेन घट्ट आहे का?"

"हाताने ओढली की सहज फिरते."

"फिल्टर?"

"माझ्या ताटापेक्षा स्वच्छ."

"झाकण उघडल्यावर काही आवाज येतो?"

"येतो. सासुरवाशिणीनं माहेरच्या उंबऱ्यावर सोडावा तसा सुस्कारा."

मिस्त्री फोनवर एवढे हसले की मागे कुणीतरी "काय झालं?" विचारलं. मग म्हणाले, "झाकणाला बारीक भोक असतं, काकू. पेट्रोल जेवढं खाली ओढलं जातं तेवढी हवा वरून आत यायला लागते. नुसतं गुरगुरायला घोटभर पेट्रोल पुरतं. काम अंगावर आलं की जास्त लागतं, आणि हवा नाही म्हटल्यावर ते वर चढतच नाही. भोक बुजलंय तुमचं. चिखल बसलाय का बघा."

मी झाकण काढून बघितलं. चिखल नव्हता. लाल-पिवळी खपली होती, चांगली नखाएवढी जाड.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. विळे, छाटणीच्या कात्र्या, फावडी, पंप, सगळं धुऊन ओळीने मांडायचं. मालक मांडायचे आणि मी हळदकुंकू लावत जायची, एकेकाला एकेक बोट. ते गेल्यावर अवजारं पूजेसाठी दिरांकडे जायला लागली. तिकडे जाऊबाई पूजा करतात. नवरा गेलेल्या बाईने कुंकवाला हात लावू नये असं मला कुणी तोंडावर म्हणालं नाही. फक्त संक्रांतीची बोलावणी यायची थांबली, आणि माझा करंडा कपाटात भरलेलाच राहिला.

यंदा म्हटलं, बाकीची अवजारं जाऊ देत तिकडे, कटर माझं आहे. शेडचं दार आतून लावून घेतलं. तीन वर्षांचं शिल्लक हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि बोटाने नाही, अख्ख्या तळव्याने लावलं. माणसांना लावायची सोय राहिली नव्हती, याने मुकाट लावून घेतलं. वर झेंडूची माळ घातली. कटर असं सजलं की वाजंत्री असती तर त्याची वरातच निघाली असती. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं. झाकणावरचं तेवढं पुसावंसं वाटलं नाही.

पदराची सेफ्टी पिन काढली आणि भोक कोरायला घेतलं. दीर एव्हाना बाभळीवरून पाय टाकून अलीकडे आले होते. पिनेच्या टोकावर लाल कण निघाला.

"हे काय हाय?"

"गंज."

त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं. त्यांच्या घराकडे एकदा बघितलं, मग माझ्या कपाळाकडे बघायला गेले आणि मध्येच नजर ट्रॅक्टरकडे वळवली.

"गंजाला हळदीचा वास येत नाय, वहिनी."

"जाऊबाईंना सांगू नका, भाऊजी."

"काय सांगायचंय? गंज होता, काढला." आणि स्वतःच्या उपरण्याच्या टोकाने झाकण आतून-बाहेरून पुसून, दोनदा फुंकून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "लावा आता. अन् पाय मागं ठेवा. दादा ठेवायचा तसा."

तेराव्यांदा दोरी ओढली. कटर लाकडात शिरलं आणि शिरतच गेलं. त्या आवाजाचं वर्णन मी गावात वेगवेगळ्या घरी वेगवेगळं केलं आहे. एका ठिकाणी तर ओझरच्या विमानांनी वाट बदलली. खरं सांगायचं तर दोन तास लागले. मध्ये तीनदा थांबले, एकदा पेट्रोलसाठी आणि दोनदा हात भरून आले म्हणून. कटरची पट्टी लाकडात चिमटू नये म्हणून दीर पट्टा आवळलेल्या कंबरेने खोडाखाली दगड सरकवत राहिले आणि दर दगडाला आपल्या नशिबाला शिव्या घालत राहिले. मला तर फारच बरं वाटत होतं. तीन वर्षांत माझ्या जवळ उभं राहून इतका वेळ कुणी ओरडलं नव्हतं.

शेवटचा ओंडका बांधाकडे लोटला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मोजून अकरा तुकडे. दीर ट्रॅक्टरवर चढले, ब्लोअर घेऊन माझ्यासमोरून गेले, आणि त्यांच्या बागेच्या कोपऱ्यावर वळताना हात वर केला. मग ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला. वाटेवर नुसता भुसा राहिला, ओला, पिवळसर. मी त्यातच बसले, कटर मांडीवर घेतलं. त्याचं इंजिन अजून कोमट होतं.

मग मी मुलाला फोन लावला. हात धुवायच्या आधी.

त्याला सगळं सांगितलं. बाभूळ किती जाड होती, मिस्त्री कसे हसले, काका कसे दगड सरकवत होते, चेन कशी लोण्यातून जावी तशी गेली. हळदकुंकू तेवढं गाळलं. अकरा तुकड्यांचे सांगताना एकवीस झाले. "आता तूच सांग, जेसीबीला हे दोन तासांत जमलं असतं का?" मी म्हटलं. "मग? शब्द दिला होतास. राहायचं ना मी इथेच?"

पलीकडे कुठलीतरी बस हॉर्न वाजवत होती. ती पुढे जाईपर्यंत तो थांबला. इकडे खुराड्यापाशी कोंबडा माती उकरत होता.

"हो, राहा," तो म्हणाला. "मग जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवतो. उद्या येत नाही मी."