दादाची मोटारसायकल

नागोठण्याला माझं माहेर. अंबा नदीला पूर आला की घरोघरी गाड्या आधी उंचावर नेतात. त्या पावसाळ्यात आमच्या दादानेही आपली मोटारसायकल वेळेवर हलवली, असं त्यानेच सांगितलं होतं.

गणपतीनंतर ती त्याने माझ्या नवऱ्याला विकली. नवरा पेणहून रोह्याला कंपनीत जायचा, गाडी हवीच होती. बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघणारा हा माणूस. पण बायकोच्या भावाची गाडी तपासायची म्हणजे सोयऱ्याला चोर म्हणण्यासारखं. मेकॅनिकला बरोबर न्या, असं मी म्हणाले तर माझ्यावरच डाफरला. "तुझ्या माहेरी मेकॅनिक घेऊन जाऊ?" मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्याच दिवसांत गाडी वाटेत कासूजवळ बंद पडली. मग पडतच राहिली. शिफ्ट चुकायला लागली, साहेबाची बोलणी बसली. शेवटी घरी मेकॅनिक आला. त्याने हेडलाइट उघडला तर आत वाळलेला गाळ, सीटखाली सगळा गंज.

"वयनी, ही पुरात बुडालेली हाय," तो म्हणाला.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, पण अवाक्षर बोलल्या नाहीत. टोमणा मारला असता तर भांडून मोकळी तरी झाले असते. दादाला जाब विचारते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "तुझं माहेर तुटेल. राहू दे."

भाऊबीजेला दादा आला. पाटावर बसता बसता विचारतो, "गाडी पलते ना, भावोजी?"

"झकास," नवरा म्हणाला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती.

माझ्या हातात ओवाळणीचं ताट. पण माझी जीभ मेली गप्प बसेल तर ना. "दादा, बुडालेली गाडी दिलीस आम्हाला."

दादा जागचा हलला नाही. "मंग बगून घ्यायची व्हती गो. मी काय नाय म्हनलू?"

खरंच, तो नाही म्हणाला नव्हता. सोयरा तपासणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हसला, हात जोडले आणि म्हणाला, "बरोबर आहे. चूक माझीच. माफ करा."

माझ्या भावाने मान डोलावून त्याला माफ केलं, आणि टिळा लावून घ्यायला कपाळ पुढे केलं.