तेरा रुपयांचं अंडं

कोंबडीनं अंगण उकरावं तसं माझं अक्षर आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली. चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून इथं लिहिते.

पोरगी अकरावीला सायन्सला आहे. तिच्या रसायनशास्त्राच्या शिकवणीसाठी मी मोठ्या जावेकडून, म्हणजे पोरीच्या मोठीमायकडून, पैसे घेतले. जावेचं शहापूरला हायवेवर नाश्त्याचं दुकान आहे, म्हणून पैसे अंड्यांनी फेडायचे ठरले. माझ्याकडे कोंबड्या आहेत, बदकंही आहेत. कोंबडीचं अंडं बारा रुपये, बदकाचं सोळा. सरमिसळ मालाला आमच्यात मधला भाव धरतात. आम्हीही सरसकट चौदा धरला.

इकडे पोरगी चाचणीत नापास झाली. फेरपरीक्षेतही असंच झालं तर सायन्स सोडते, म्हणाली. अडलं होतं क्लोरीनपाशी. कार्बनच्या अणूचे बारा सारखे भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाच्या किती पट, असं अणूचं वजन सांगतात म्हणे. क्लोरीनचे अणू दोन जातींचे, पस्तीसचे आणि सदतीसचे. हिनं मधला आकडा लिहिला, छत्तीस. पुस्तकात साडेपस्तीस.

"पण चारात तीन पस्तीसचे असतात," ती पुटपुटली आणि माझ्या टोपलीकडे बघतच राहिली. टोपलीतही तीन कोंबडीच्या अंड्यांमागे एक बदकाचं, असंच असायचं.

"माय, तू मोठीमायले फसवून राहिली."

तीन बारे छत्तीस, त्यात सोळा, झाले बावन्न. चारांत वाटले तर तेरा. मी दर अंड्यामागे रुपया जास्त लावत होते. मी आजवर दिलेली अंडी बोटांवर मोजायला लागले, आणि ही मात्र हसत क्लोरीन सोडवायला बसली. पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात सदतीस, भागिले चार. साडेपस्तीस.

जावेकडे गेलो तेव्हा पोरीनंच सारं सांगितलं.

जाऊ म्हणाली, "तेरा रुपयाचं अंडं दाखव मले, मंग मानतो."

"मोठीमाय, साडेपस्तीसचा अणूबी कोनी पाह्यला नाही. तरी पुस्तकात हाये."

जाऊ म्हणाली, तव्यावर सारी एकच होतात, राहू दे. मी राहू दिलं नाही.

फेरपरीक्षेत पोरगी पास झाली. त्याच आठवड्यात तेराच्या भावानं कमी पडलेली अंडी पोचवली. जावेनं मोजून घेतली, एक बदकाचं फोडून पोरीला आमलेट दिलं आणि हे हिशोबाबाहेरचं म्हणाली. शिकवणीचे पैसे पूर्ण फिटले.